पेशीतली एस.टी. आणि आजीचा दिवा

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा करते. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे, तिसऱ्या वर्षाला आहे, आणि तरीही हा लेख गिअरबॉक्सवर नाही. हा लेख आपल्या शरीरातल्या पेशींवर आहे. दुसरा खुलासा असा, की माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या शाळेत मराठी ही तिसरी भाषा होती आणि मधल्या सुट्टीत मराठीत बोललं तर पाच रुपये दंड! तेव्हा या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार. नसतील सुधारल्या, तर तुम्हीच मोठ्या मनाने पोटात घाला.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलवाल्यांचा आणि पेशींचा संबंध काय? संबंध अभ्यासक्रमाने जोडला. चौथ्या सेमिस्टरला आम्हाला 'बायॉलॉजी फॉर इंजिनिअर्स' नावाचा विषय होता. ज्या बेडकापासून सुटका व्हावी म्हणून बारावीला बायो सोडलं, तोच बेडूक पुन्हा दारात येऊन बसला! वर्गात एकच हलकल्लोळ झाला. मॅडमनी शांतपणे चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, प्रत्येकाने चिठ्ठीतल्या विषयावर सेमिनार द्यायचा. माझ्या चिठ्ठीवर होतं 'व्हेसिकल ट्रान्सपोर्ट'. माझ्या रूममेटने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "अगं, स्पेलिंग चुकलंय. 'व्हेइकल ट्रान्सपोर्ट' असणार. तुझ्याच ब्रँचचा विषय आहे!"

स्पेलिंग बरोबर होतं. पण रूममेटही फारशी चुकली नव्हती, हे मला नंतर कळलं.

व्हेसिकलला मराठीत काय म्हणतात ते शब्दकोशात शोधलं, तर 'पुटिका' असा शब्द सापडला. तो मी मेसमध्ये दोन-तीन जणींवर वापरून पाहिला. त्यांना तो खाण्याचा पदार्थ वाटला. म्हणून या लेखात मी सरळ 'पिशवी' म्हणणार आहे. पेशीच्या आत चरबीच्या पातळ पापुद्र्याच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. काही तर ४० नॅनोमीटर व्यासाच्या, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ओळीने २५ हजार मावतील एवढ्या. पेशीतला बराचसा माल या पिशव्यांमधून इकडून तिकडे जातो.

शाळेत आपण पेशीचं चित्र काढायचो ते आठवतंय का? तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखं. मध्ये केंद्रक, भोवती पांढरा भाग, आणि बाण काढून नावं द्या की पाच मार्क! खरी पेशी मात्र एमआयडीसीसारखी गजबजलेली असते. प्रथिनं एका विभागात बनतात आणि लागतात दुसऱ्याच टोकाला. जॉर्ज पॅलाडे नावाच्या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्वादुपिंडाच्या पेशी पाहून या मालाचा मार्ग शोधून काढला. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये माल बनतो, तिथून गॉल्जी नावाच्या विभागात जातो, तिथे त्याची वर्गवारी होते आणि मग पिशव्यांमधून तो पेशीच्या सीमेपर्यंत पोचतो. या संशोधनासाठी पॅलाडेला १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

मार्ग कळला. पण खरा प्रश्न पुढेच होता. हजारो पिशव्या, डझनभर ठिकाणं. कोणत्या पिशवीने कुठे उतरायचं हे कोण ठरवतं?

हा प्रश्न वाचला आणि मला आमच्या हॉस्टेलचे डबे आठवले. जवळपासच्या गावांतून आलेल्या मुलींना हे सांगायलाच नको. घरी आई पहाटे उठून भाकरी-भाजी करते, डबा कापडात बांधते, त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिते आणि भाऊ तो सकाळच्या एस.टी.त ठेवून येतो. इकडे आपण स्टँडवर उभे. कंडक्टरकाका डबा उघडून बघत नाहीत. आत पिठलं आहे की पुरणपोळी, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. डबा पोचायला पाच गोष्टी लागतात : बांधणारा, रस्ता, गाडी, पत्ता आणि उतरवून घेणारा. यातली एक जरी चुकली तरी दुपारी उपास!

पेशीतही नेमक्या याच पाच गोष्टी आहेत, आणि पाचही कामं प्रथिनंच करतात.

बांधायचं काम करणाऱ्यांपैकी एक क्लॅथ्रिन. हे तीन पायांचं प्रथिन असतं. अशी अनेक प्रथिनं एकमेकांत पाय गुंतवून फुटबॉलसारखी पंचकोन-षटकोनांची जाळी विणतात आणि पापुद्र्याला आत ओढून त्याची पिशवी करतात. पिशवीची मान आवळून ती तोडून मोकळी करतं ते डायनॅमिन. रस्ते म्हणजे मायक्रोट्यूब्यूल्स, २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या. आणि गाड्या म्हणजे कायनेसिन आणि डायनिन. कायनेसिनचा शोध १९८५ मध्ये लागला, माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर काम करताना. कायनेसिन बहुतेक वेळा केंद्रकापासून बाहेरच्या दिशेने जातं, डायनिन बाहेरून आत येतं. जाणारी गाडी वेगळी, येणारी वेगळी.

इथे माझ्यातली मेकॅनिकलवाली जागी झाली. कायनेसिनला दोन 'पाय' असतात आणि ते खरोखर एकामागून एक पाय टाकत चालतं! एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. एका पावलाला एटीपीचा एक रेणू, म्हणजे इंधनाचा एक थेंब म्हणा. ते साधारण ६ पिकोन्यूटनपर्यंतचा विरोध ओढू शकतं. मी वहीत गणित मांडलं. बल गुणिले अंतर, भागिले एटीपीच्या एका रेणूतून मिळणारी ऊर्जा. उत्तर आलं जवळपास ५० टक्के. आपल्या लॅबमधलं पेट्रोल इंजिन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत पोचलं तरी आपण त्याची पाठ थोपटतो! आणि अंतर म्हणाल, तर कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा चेतातंतू सुमारे एक मीटर. म्हणजे साडेबारा कोटी पावलं. हा माल दिवसाला साधारण २० ते ४० सेंटिमीटर या वेगाने जातो, म्हणजे तीन ते पाच दिवसांचा प्रवास. आपण हे वाचत असताना आपल्या प्रत्येकाच्या पायात हा प्रवास चालू आहे.

पत्त्याचं काम 'रॅब' नावाच्या प्रथिनांच्या कुटुंबाकडे आहे. माणसात अशी साठाहून जास्त रॅब प्रथिनं आहेत. कोणतं रॅब पिशवीवर बसलंय त्यावरून पिशवीचा मुक्काम ओळखला जातो. डब्यावरची चिकटपट्टीच ही!

राहिला उतरवून घेणारा. हे कोडं तिघांनी मिळून सोडवलं. रँडी शेकमन यांनी यीस्टच्या पेशींवर काम केलं. ज्यांच्या पेशीत पिशव्यांची वाहतूक तुंबते अशी यीस्ट त्यांनी शोधली आणि १९८० पर्यंत या कामातले २३ जीन्स ओळखले. जेम्स रॉथमन यांनी प्राण्यांच्या पेशी फोडून वाहतूक टेस्ट ट्यूबमध्ये चालवून दाखवली आणि तिला लागणारी प्रथिनं एकेक करून वेगळी काढली. गंमत म्हणजे रॉथमन यांना मिळालेलं एक महत्त्वाचं प्रथिन आणि शेकमन यांच्या यीस्टमधलं एक प्रथिन मुळात एकच निघालं. यीस्ट आणि आपण, दोघांची एस.टी. एकाच डेपोची! थॉमस झ्यूडहोफ यांनी मेंदूतल्या चेतापेशींमध्ये नेमक्या क्षणी पिशवी कशी रिकामी होते ते उलगडलं. तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं.

उतरवून घेणाऱ्या प्रथिनांना 'स्नेअर' म्हणतात. बॅगेची चेन डोळ्यांसमोर आणा. चेनचा एक पट्टा पिशवीवर, दुसरा ज्या पटलाशी जायचं त्याच्यावर. दोन्ही एका टोकाकडून एकमेकांत अडकत जातात, चेन ओढली जाते, पिशवी पटलाला घट्ट चिकटते आणि शेवटी दोन्ही पापुद्रे एक होऊन माल पलीकडे ओतला जातो. चेतापेशीत पिशवीवरच्या पट्ट्याचं नाव सिनॅप्टोब्रेव्हिन, पलीकडच्या दोघांची नावं सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. चेन ओढायचा इशारा कॅल्शियम देतं, आणि हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत उरकतं. मी हे वाक्य लिहिते आहे, तुम्ही ते वाचता आहात, दोन्हीकडे या चेनी कोट्यवधींच्या संख्येने लागताहेत.

इथवर सगळी मजा होती. मी स्लाइड्स रंगवत होते, गाड्यांची चित्रं टाकत होते. मग 'वाहतूक बिघडली तर' या स्लाइडसाठी उदाहरण शोधताना टिटॅनस समोर आला.

टिटॅनस आपल्याला माहीत असतो तो खिळा लागल्यावर घ्यायच्या इंजेक्शनपुरता. हा रोग क्लॉस्ट्रिडियम टिटॅनी नावाच्या जिवाणूमुळे होतो. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये तो वेगळा करून दाखवला. मातीत, शेणात त्याची बीजं वर्षानुवर्षं पडून असतात. गंज वगैरे निमित्तमात्र. खोल, हवा न लागणारी जखम मिळाली की बीज फुटतं आणि जिवाणू एक विष तयार करतात. या विषाची घातक मात्रा किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम. तीन किलोच्या जिवासाठी लागणाऱ्या विषापेक्षा मिठाचा एक कण काही हजारपट जड असतो.

हे विष करतं काय? ते स्नायूजवळच्या चेतातंतूच्या टोकाशी जातं आणि तिथून पेशीच्याच एका पिशवीत शिरून बसतं. मग डायनिनच्या गाडीने उलट दिशेला, थेट मज्जारज्जूपर्यंत येतं. बिनतिकीट! पेशीला पत्ताही लागत नाही, कारण कंडक्टर डबा उघडून बघत नाही. वर पोचल्यावर ते शेजारच्या पेशीत जातं. या शेजारच्या पेशी म्हणजे शरीराचे ब्रेक. स्नायूंना 'पुरे, आता सैल हो' असं सांगणारी रसायनं त्या पिशव्यांमधून सोडतात. विष तिथे जाऊन सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं. ११६ दुव्यांच्या साखळीत ७६ आणि ७७ या दोन दुव्यांच्या मध्ये, एकच काप. हे १९९२ मध्ये इटलीतल्या पादोवा इथल्या संशोधकांनी दाखवलं. चेनचे दात तुटले, पिशव्या भरलेल्या उभ्या, पण रिकाम्या होत नाहीत. ब्रेक गेले. सगळे स्नायू एकदम आवळले जातात, पाठीचे जास्त ताकदवान असल्याने शरीर मागे वाकतं.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. बॉट्युलिनम नावाच्या विषाचा 'बी' हा प्रकार नेमका याच जागी, ७६ आणि ७७ च्या मध्ये कापतो. पण त्याने माणूस आवळत नाही, उलट लुळा पडतो. का? कारण ते विष वरपर्यंत जात नाही, स्नायूजवळच उतरून काम करतं. कात्री तीच, काप तोच. उतरण्याचं ठिकाण वेगळं, म्हणून रोग वेगळा. पेशीत कोण काय आहे याइतकंच कोण कुठे उतरतो यालाही महत्त्व आहे. माझ्या सेमिनारचा मुद्दा मला इथे मिळाला, असं मी तेव्हा समजत होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. ओसरीवर बसून लॅपटॉपवर स्लाइड्स करत होते. टिटॅनसच्या स्लाइडवर एक प्रसिद्ध चित्र टाकलं होतं. सर चार्ल्स बेल या शल्यविशारदाने १८०९ मध्ये काढलेलं, एका जखमी सैनिकाचं. डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या, बाकी सगळं शरीर कमानीसारखं वर उचललेलं. आजी शेजारी शेंगा फोडत होती. तिची नजर स्क्रीनवर गेली आणि हात थांबला.

"कुणाचं गं हे?"

"एका सैनिकाचं आहे, आजी. दोनशे वर्षांपूर्वीचं. टिटॅनस झाला होता त्याला."

"तुमच्या इंग्रजीत काय बी म्हना. ह्यो धनुर्वात हाय."

धनुर्वात. मी हा शब्द ऐकला नव्हता असं नाही, पण टिटॅनस आणि धनुर्वात एकच, हे त्या क्षणी डोक्यात जुळलं. धनुष्यासारखं वाकवणारा वात. मी तीन दिवस ज्या गोष्टीसाठी स्लाइड करत होते, ती त्या चार अक्षरांत आधीच होती.

मग आजी शेंगांकडे बघत बोलू लागली. "माझं पयलं बाळ असंच झालं हुतं."

बाबांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता आणि तो गेला, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं. साल १९६४. आजी तेव्हा सतरा वर्षांची, पहिलं बाळंतपण माहेरी. सुईणीने नाळ विळ्याने कापली, वर चुलीतली राख लावली. तेव्हा असंच करायचे. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा झाली. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून रात्रभर दिवा तेवत ठेवायचा आणि जागायचं.

"म्या जागीच हुते. पहाटंला डोळा लागला. जाग आली तवा दिवा इझल्याला. सकाळच्याला त्यानं दूध तोंडात घ्याचं बंद केलं. आठव्या दिसाला गेला."

त्यानंतर आजीला तीन मुलं झाली. प्रत्येक वेळी पाचवीच्या रात्री तिच्या सासूबाई निरोप पाठवायच्या, "या खेपेला तरी जागी राहा." आणि आजी जागी राहिली. तिन्ही मुलं जगली. तिच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला होता : जागी राहिले, जगली, झोपले, गेला. आजी आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. साठ वर्षं तिने हा हिशेब कुणाला न दाखवता जपून ठेवला होता.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला पहिल्या वर्षापासून एक गोष्ट शिकवतात. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मी आजीला विचारलं, "बाबांच्या वेळी नाळ कुणी कापली?"

"तवा तालुक्याच्या दवाखान्यातनं नर्सबाई यायची. पातेल्यात पानी ठिवायची अन् बिलेड उकळायची. राख लावू द्याची न्हाई. माझी आय लई चिडली हुती तिच्यावर."

म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. दिवाही आणि ब्लेडही. आजीने साठ वर्षं दिव्याकडेच पाहिलं, कारण ब्लेडकडे पाहायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. स्लाइड्स दाखवल्या नाहीत, एस.टी.ची गोष्ट सांगितली. जिवाणूची बीजं विळ्यावर किंवा राखेत आली, म्हणजे जन्माच्या दिवशीच. बीज फुटायला वेळ लागतो, विष तयार व्हायला वेळ लागतो, ते रक्तातून चेतातंतूंच्या टोकाशी जायला आणि तिथून गाडीने वर जायला वेळ लागतो. म्हणून नवजात बाळात हा रोग पहिल्या दोन दिवसांत दिसतच नाही. बाळ छान रडतं, छान पितं, आणि तिसऱ्या दिवसानंतर, बहुतेकदा आठवड्याच्या आसपास, पिणं थांबतं. जबड्याच्या चेतातंतूंची लांबी सगळ्यात कमी, तिथली गाडी आधी पोचते, म्हणून आधी जबडाच आवळतो.

"आजी, दिवा पाचव्या रात्री विझला ना? आणि सकाळी त्याने पिणं बंद केलं. एका रात्रीत हे होऊच शकत नाही. तू झोपलीस तेव्हा ते विष आधीच वर पोचत आलं होतं. तू रात्रभर दिवा धरून बसली असतीस, तरी सकाळी तेच झालं असतं."

मला वाटलं होतं आजी रडेल, किंवा तिला हलकं वाटेल. सिनेमात तसं होतं. आजी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मंग सुईणीचं चुकलं म्हनायचं व्हय? ती बिचारी शंभर बाळंतपनं केल्याली बाई. तिलाबी कुनी सांगितलं नसंल."

हे मला सुचलं नव्हतं. जिवाणू १८८९ मध्ये सापडला. पुढच्याच वर्षी बेहरिंग आणि कितासातो यांनी या विषावरचा उतारा रक्तात तयार होतो हे दाखवलं. लस १९२० च्या दशकात आली. उकळतं पाणी तर प्रत्येक चुलीवर होतं. आणि तरी १९६४ मध्ये ही माहिती आजीच्या माहेरी पोचली नव्हती. तिच्या सासरी मात्र पुढच्या चार-दोन वर्षांत एका नर्सबाईच्या पिशवीतून ती पोचली. ज्ञान तयार होतं, पत्ताही माहीत होता. फक्त तिथवर गाडी गेली नव्हती.

थोड्या वेळाने आजीने विचारलं, "त्याला लई दुखलं असंल का गं?"

याचं उत्तर पुस्तकात आहे. मी ते आजीला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. शेंगांचं सूप ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर शेंगा फोडत बसले. बाळ बाराव्या दिवसाच्या आधी गेलं, त्यामुळे त्याचं बारसं झालं नव्हतं. सिनॅप्टोब्रेव्हिन, सिंटॅक्सिन, एनएसएफ, इतकी नावं मी पाठ केली होती. माझ्या त्या काकाला नावच नव्हतं.

रात्री झोपताना आजी म्हणाली, "हे तुमच्यातल्या पोरींस्नी सांग." सटवाईबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तिची श्रद्धा तिच्याजवळ राहू दे. फक्त त्या विझलेल्या दिव्याचा दोष तिच्या डोक्यावर नको, एवढंच मला हवं होतं. तो उतरला का, हे मला अजून नक्की माहीत नाही. पण भाऊबीजेला बाबांना ओवाळताना आत्याला ती म्हणाली, "ह्याच्या वरचाबी एक भाऊ हुता तुला." त्याच्याविषयी आजी चारचौघांत आपणहून बोलली, असं आत्याच्या आठवणीत पहिल्यांदाच घडलं.

सेमिनार झाला. मार्क किती मिळाले ते विचारू नका. मात्र एक स्लाइड मी शेवटी वाढवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ मध्ये जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली. भारतात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. गरोदर आईला लस दिली की तिच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मल्यापासून पहिले काही आठवडे त्याला राखतात. सुईणींना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या : हात, जागा, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि कापलेली नाळ, पाचही स्वच्छ. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपला असा याचा अर्थ नाही. बीजं मातीतच आहेत आणि राहणार. म्हणून लस थांबवून चालत नाही. एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण रोग व्हायला पुरेल एवढं विष शरीराला सावध करायला पुरत नाही!

तेव्हा मंडळी, जाता जाता हॉस्टेलवासीयांना एक आग्रहाची विनंती. वर्कशॉपमध्ये हाताला पत्रा लागला, मैदानावर गुडघा फुटला, की आपण हळद दाबून 'काही होत नाही' म्हणतो. जखम साबण-पाण्याने धुवा आणि शेवटची लस कधी घेतली ते घरी फोन करून विचारा. पूर्वी तिला टीटी म्हणायचे, सरकारी कार्यक्रमात आता त्या जागी टीडी देतात, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. फोन केलाच आहे, तर आजीलाही द्यायला सांगा आणि तिच्याशी पाच मिनिटं बोला. तिच्याजवळही एखादा हिशेब असेल, जो कुणी अजून तपासून पाहिलेला नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी